मॅप स्विच घ्यायचा तर आपल्या चिखलासाठी घ्या

पावसाळा लागला की आमच्या वणी-मारेगाव भागातली पोरं मोटरसायकली घेऊन पांदण रस्त्यांवर उतरतात आणि मला मेसेज सुरू होतात. यंदा बहुतेकांचा प्रश्न एकच, "भाऊ, गाडीले मॅप स्विच बसवाचा हाय, कोनता घेऊ?" मॅप स्विच म्हणजे इंजिनाची चालण्याची पद्धत बदलणारा हँडलवरचा छोटा स्विच. सोबत स्क्रीनशॉट असतो. निळा लाइट, कार्बन फायबरसारखं कव्हर आणि खाली 'युनिव्हर्सल' असं लिहिलेलं. प्रत्येकाला वेगवेगळं उत्तर देण्यापेक्षा इथंच सविस्तर लिहितो.

माझ्या मते हा स्विच पॉवरसाठी निवडायचाच नसतो. हातमोजा घातलेल्या अंगठ्याला न बघता कळतो का, आणि काळ्या मातीच्या चिखलात टिकतो का, एवढंच पाहायचं.

मॅप म्हणजे ईसीयूमधला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरमधला, तक्ता. इतके आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) आणि इतका थ्रॉटल (मूठ पिळली की उघडणारी झडप) असेल तर पेट्रोल किती सोडायचं आणि स्पार्क किती अंश आधी द्यायचा, हे त्यात भरलेलं असतं. स्विच फक्त दोन तक्त्यांतला एक निवडतो. त्यामुळे पैसे टाकायच्या आधी आपल्या गाडीत दुसरा तक्ता आहे का, हे बघा. केटीएमच्या ३५० ईएक्ससी-एफसारख्या गाडीत कंपनीनेच दोन मॅप दिलेले असतात, पांढरा मवाळ आणि हिरवा आक्रमक. आपल्याकडे पोरांच्या हातात असते हीरोची एक्सपल्स २०० फोर-व्ही. तिला कंपनीने एबीएसचे (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे) मोड दिलेत, इंजिनाचे नाहीत. तिच्यावर नुसता 'युनिव्हर्सल' स्विच बसवला तर तो कशालाच जोडला जात नाही. त्यासाठी आधी पिगीबॅक डबा लागतो, म्हणजे मूळ ईसीयूला जोडून त्याचे सिग्नल बदलणारा जास्तीचा डबा. बंगळुरूच्या रेस डायनॅमिक्सचं पॉवरट्रॉनिक हे त्याच जातीचं. तो डबा तुमच्या मॉडेलसाठी मिळतो का आणि त्यात दोन मॅप ठेवता येतात का, हे कळल्यावरच स्विचचा विषय काढायचा.

आणखी एक गोष्ट पोरांना कोणी सांगत नाही. थ्रॉटल केबलचा असेल तर मूठ किती पिळली यावर मॅपचा ताबा नसतो, तो फक्त पेट्रोल आणि स्पार्क बदलतो. हिमालयन ४५० सारख्या राइड-बाय-वायर (केबलऐवजी इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या) गाडीत मोड बदलला की थ्रॉटलची झडप उघडण्याची पद्धतच बदलते, म्हणून तिथं फरक जास्त जाणवतो. एक्सपल्ससारख्या एकोणीसेक पीएस पॉवरच्या केबलवाल्या गाडीवर दोन मॅपमधला फरक आहे, पण तो बारीक आहे. चिखलात मागचं चाक गरगर फिरू नये एवढ्यासाठीच हे करणार असाल तर आधी टायर बदला, मग मागचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक). त्यानंतरही हौस उरली तर स्विच.

आता खुद्द स्विच. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळी गडबड इथंच होते.

आपल्याकडे सर्रास काय होतं? ऑटो इलेक्ट्रिकवाल्याकडून फॉग लॅम्पचा टॉगल (दांडीचा स्विच) आणायचा, दोन वायरी जोडायच्या, काम झालं. तो टॉगल पाच-दहा अँपिअरसाठी बनवलेला असतो. आतले पॉइंट बहुतेक चांदीच्या मिश्रणाचे. जास्त करंटला बारीक ठिणगी उडते आणि पॉइंटवर चढलेला थर जळून जातो. मॅप स्विचच्या वायरमधून करंट जातो तो नावापुरता, मिलिअँपमध्ये. ती वायर ग्राउंडला जोडली आहे की नाही, एवढंच डब्याला कळायचं असतं. ठिणगी नाही, म्हणून थर चढत जातो आणि एक दिवस स्विच ऑन असूनही ऑफ. म्हणून कमी करंटसाठी बनवलेला, सोन्याचा मुलामा दिलेल्या पॉइंटचा स्विच मागा. 'गोल्ड प्लेटेड काँटॅक्ट' म्हटलं की इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात कळतं.

मित्राच्या गाडीचा असाच एक टॉगल आम्ही उघडून पाहिला. वरचं रबर शाबूत होतं. पण दांडीच्या मुळाशी चिखलाचं पाणी आत उतरून वाळलं होतं, पितळी पत्तीवर हिरवा थर आणि एका पॉइंटवर काळा डाग. मल्टिमीटर (सर्किट जुळलं की बझर वाजवणारं मीटर) लावला तर बझर कधी वाजायचा, कधी नाही. दांडी बोटानं जरा तिरपी दाबली की वाजायचा. गाडीवरही हेच चाललं होतं. चढावर मधूनच मॅप बदलायचा आणि मित्राला वाटत होतं की इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग) कचरला.

स्विचच्या पाकिटावर आयपी ६७ लिहिलेलं असलं की बरेच जण निर्धास्त होतात. त्याचा अर्थ मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडवलं तरी चालेल. नाल्यासाठी ते पुरतं. पण वॉशिंग सेंटरवरच्या प्रेशर पंपाची धार त्यात मोजलेली नसते, तिची चाचणी वेगळी असते. काळी माती वाळली की दगड होते, ती धुवायला आपण पाइप अगदी जवळ धरतो. तेव्हा स्विचकडे धार मारू नका, आणि टाकीखालचं कनेक्टर सील असलेलंच घ्या. वायरी पिळून काळी टेप गुंडाळायची पद्धत इथं चालत नाही. मे महिन्यात टेपचा डिंक वितळतो, पावसात पाणी शिरतं.

आकाराचं म्हणाल तर लांब दांडीचा टॉगल मला नको वाटतो. आपल्या पांदणीत दोन्ही धुऱ्यांवरून बाभूळ आणि रायमुनिया आत आलेली असते. फांदी दांडीत अडकली की मॅप बदलतो, नाहीतर दांडीच तुटते. नुसतं बटण आणि लाइट असलेलाही नको. भर उन्हात लाइट दिसत नाही आणि बटण दाबून कोणत्या मॅपवर आलो ते बोटाला कळत नाही. शिवाय काही बटणवाल्या प्रकारांत किल्ली बंद-चालू केली की मॅप पुन्हा पहिल्यावर येतो. मला आवडतो तो बुटका रॉकर (घरातल्या दिव्याच्या बटणासारखा दोन्हीकडे झुकणारा), एका बाजूला उंचवटा असलेला आणि दाबला की टक्क लागणारा. डाव्या मुठीच्या आत, हॉर्नपासून जरा दूर लावा. हँडगार्ड असेल तर त्याच्या आडोशाला.

वायर तुटली तर गाडी कोणत्या मॅपवर जाते, हेही मॅन्युअलमध्ये बघा. बऱ्याच ठिकाणी सर्किट उघडं म्हणजे पहिला मॅप. त्या जागी नेहमी मवाळ मॅप ठेवा. चिखलात पडून वायर तुटली तर घरी यायला तोच बरा.

आक्रमक मॅप बाहेरचा कुणाचा उचलून टाकू नका. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडं उन्हाळ्यात पारा ४६-४७ अंशांवर जातो, गाडी ऑइल-कूल्ड, आणि पांदणीत आपण दुसऱ्या गिअरमध्ये रेटतो. अशा वेळी स्पार्क जास्त आधी दिला तर इंजिन नॉक करतं, टकटक ऐकू येते. ती ऐकूनही मूठ पिळत राहिलं तर पिस्टन जातो. पंपावर आता ई-२० पेट्रोल आहे. त्याला हवेच्या मानानं पेट्रोल थोडं जास्त लागतं, तेव्हा साध्या पेट्रोलवर बसवलेला मॅप आपल्याकडे कोरडा पडू शकतो.

कायद्याचंही सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीत असे फेरफार करायला मनाई करतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. वॉरंटीवरही पाणी पडू शकतं. म्हणून हे सगळं बंदिस्त ट्रॅकवर किंवा स्वतःच्या वावरात चालणाऱ्या गाडीसाठी. टिपेश्वर, ताडोब्याच्या जंगलात गाडी घालायचा विचार तर मनातही आणू नका. तिथं आपला काही हक्क नाही.

स्विच हातात आला की बसवण्याआधी मल्टिमीटर बझरवर ठेवून वीस-पंचवीस वेळा टकटकवा. बसवल्यावर हँडल डावीकडून उजवीकडे पूर्ण वळवा आणि बझर तुटतो का बघा. तुटला तर वायर स्टिअरिंगपाशी ताणली जातेय, टाकी बसवायच्या आधीच ती मोकळी करून घ्या.