मग, कसं वाटलं पुस्तक?

पुस्तक वाचायचा मला काही त्रास नाही. त्रास होतो तो पुस्तक मिटल्यावर, कोणीतरी "मग, कसं वाटलं?" असं विचारतं तेव्हा. "छान" म्हणून सुटता येत नाही. "छान म्हणजे नक्की काय आवडलं?" हा पुढचा प्रश्न तयारच असतो, आणि आपण गृहपाठ न करता वर्गात आलेल्या पोरासारखे छताकडे बघत बसतो.

मला हा प्रश्न विचारणारी हक्काची माणसं दोन. एक माझे धाकटे दीर. कादंबरी म्हणजे कोणाच्या तरी मनाचे खेळ, त्यात वेळ कशाला घालवायचा, असं त्यांचं स्वच्छ मत आहे. पुस्तक वाचून माणसात काहीतरी सुधारणा दिसली पाहिजे. दुसरी माझी शाळेपासूनची मैत्रीण. ज्या पुस्तकात चौकटी, आकृत्या आणि प्रकरणाअखेरीस सारांश असतो, त्याला ती पुस्तक न म्हणता माहितीपत्रक म्हणते. दोघंही मला पुस्तकं देतात, आणि मग अभिप्रायाची वसुली करायला येतात.

भाऊजींनी दिलेलं पहिलं पुस्तक जेम्स क्लिअर यांचं 'ॲटॉमिक हॅबिट्स'. 2018 साली आलेलं, आणि तेव्हापासून ज्याच्या त्याच्या टेबलावर दिसणारं. रोज फक्त एक टक्का सुधारलात तर वर्षाअखेरीस जवळपास 37 पट चांगले व्हाल, असा त्यात हिशेब आहे. भाऊजींनी तो मला फोनच्या कॅल्क्युलेटरवर करून दाखवला. त्याच पानावर उलटा हिशेबही आहे, म्हणजे रोज एक टक्का घसरलात तर वर्षभरात जवळजवळ शून्यावर याल. तो त्यांनी दाखवला नाही. माझं लक्ष मात्र तिथेच खिळलं, कारण आपली गाडी कोणत्या दिशेने चालली आहे याची माणसाला साधारण कल्पना असते.

त्यातला एक नियम मला मनापासून पटला. नवी सवय लावताना ती दोन मिनिटांत उरकेल इतकी छोटी करा. उदाहरणही त्यांनीच दिलंय, 'रोज झोपण्यापूर्वी वाचन' याऐवजी 'एक पान वाचणे' असं ठरवा. मी ठरवलं. रोज एक पान वाचलं की दिवा बंद. पुस्तक तीनशेच्या आसपास पानांचं.

"वहिनी, संपलं का?" भाऊजींनी विचारलं.

"नियमाप्रमाणे चाललंय. साधारण दहा महिने लागतील."

यावर ते काही बोलले नाहीत, पण पुढच्या वेळी येताना त्यांनी मॅथ्यू वॉकर यांचं झोपेवरचं पुस्तक आणलं. 'व्हाय वुई स्लीप', 2017. हे वाचता वाचता तुम्हाला झोप लागली तर मला वाईट वाटणार नाही, उलट आनंदच होईल, असं लेखकानेच सुरुवातीला सांगून टाकलंय. इतका समजूतदार लेखक मला आजवर भेटला नव्हता. मी त्याच्या आनंदात रोज भर घालत गेले. पुस्तक छातीवर उपडं, चष्मा नाकावर, दिवा चालू. पण हा अभिप्राय भाऊजींना चालेना. "अहो, पण त्यातून तुम्ही घेतलं काय?" म्हणाले. झोप घेतली, दुसरं काय घेणार!

एकूणच या वैचारिक म्हणवणाऱ्या पुस्तकांचा साचा आता मला तोंडपाठ झालाय. प्रकरणाची सुरुवात एखाद्या अपयशी माणसाच्या गोष्टीने. तो निराश होऊन खिडकीतून बाहेर बघत असतो. तेवढ्यात गोष्ट तोडून आपल्याला एका विद्यापीठात नेतात. तिथे विद्यार्थ्यांचे दोन गट केलेले असतात, एकाला काहीतरी सांगितलेलं असतं आणि दुसऱ्याला नसतं. मग ठळक अक्षरात निष्कर्ष. मग तो खिडकीतला माणूस परत, आता यशस्वी. मला नेहमी त्या दुसऱ्या गटाची काळजी लागून राहते. त्यांना नंतर तरी कोणी सांगितलं का?

पुढची तेरा प्रकरणंही अशीच जातात, म्हणून शहाणी माणसं पहिल्यावरच थांबतात. जॉर्डन एलेनबर्ग या गणितज्ञाने 2014 मध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल'मध्ये याचा एक गमतीदार हिशेबच मांडला होता. किंडल या ई-पुस्तकं वाचायच्या यंत्रावर वाचक आवडलेल्या ओळींवर खुणा करतात. सर्वांत जास्त खुणा झालेल्या पाच जागा घ्यायच्या आणि त्या सरासरी किती टक्के पुस्तकापर्यंत पोचतात ते बघायचं. थॉमस पिकेटी यांचा भांडवलावरचा जाडजूड ग्रंथ निघाला 2.4 टक्क्यांवर. स्टीफन हॉकिंग यांचं काळाचा इतिहास सांगणारं पुस्तक 6.6 टक्क्यांवर, आणि या मोजपट्टीला नावही हॉकिंग यांचंच. हे शास्त्रीय संशोधन नाही, असं एलेनबर्ग यांनी स्वतःच बजावलंय. मला मात्र ते वाचून इतका धीर आला की मी 2.4 टक्के म्हणजे किती पानं, ते काढून बघितलं. सुमारे सातशे पानांत सतरा. सतरा पानांवर लोकांनी भांडवलशाहीवर वाद घातलेत, आणि मला मेलं प्रस्तावनाही वगळायची चोरी!

मैत्रिणीकडून येणाऱ्या कादंबऱ्यांची तऱ्हा वेगळी. अवतरणचिन्हं गायब, त्यामुळे कोण बोललं आणि कोणी नुसतं मनात म्हटलं, हे आपण ठरवायचं. प्रकरणांच्या डोक्यावर नाव आणि साल. सालं पुढेमागे उड्या मारणार, आणि ऐंशीव्या पानावर जिच्यासाठी डोळे पुसावेत ती बाई चौथ्या पानावरच मेली होती, हे आपल्याला दोनशेव्या पानावर कळणार. मलपृष्ठावर 'मन हेलावून टाकणारी' असं छापलेलं. मन हेलावतं, पण ते कोणासाठी हेलावलं हे बघायला मागे जावं लागतं.

तिने दिलेली गीतांजली श्री यांची 'रेत समाधि' मात्र मी भाऊजींच्या कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त अमलात आणली. ही हिंदी कादंबरी 2018 मधली. तिच्या इंग्रजी अनुवादाला 2022 साली आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं. नवरा गेल्यावर ऐंशीची एक आजी जगाकडे पाठ फिरवते आणि भिंतीकडे तोंड करून अंथरुणात पडून राहते. घरदार तिला उठवायला येतं, ती हलत नाही. पहिल्या भागाचं नावच 'पीठ', म्हणजे हिंदीतली पाठ. ते वाचून माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे, एका दुपारी मीही भिंतीकडे तोंड करून पडले. घरच्यांची विनवणी सुरू होण्याची वाट बघत होते. थोड्या वेळाने मागून आवाज आला, "चार्जर तुझ्या अंगाखाली आहे का?" मी चार्जर काढून दिला. आजीच्या पाठीवर इतकी सुंदर पानं लिहिली जातात आणि माझ्या पाठीखाली वायर सापडते.

"पण भाषा कशी वाटली?" मैत्रिणीने विचारलं. मी पाठीबद्दल सांगत होते, ती भाषेबद्दल विचारत होती. तरी मी म्हटलं, "फार खेळकर आहे गं." हे खरंही होतं. पण खरं असून ते परीक्षेतल्या उत्तरासारखं का वाजलं, देव जाणे.

मग तिने समँथा हार्वी यांची 'ऑर्बिटल' दिली. 2024 चं बुकर. "लहानशी आहे, एका बैठकीत होईल." अंतराळस्थानकावरची सहा माणसं, त्यांचा एकच दिवस, आणि त्या दिवसात पृथ्वीभोवती सोळा फेऱ्या. म्हणजे सोळा वेळा उजाडणार आणि सोळा वेळा मावळणार. पाचव्या उजाडण्यापर्यंत मी गहिवरलेली होते. नवव्याला वाटायला लागलं की कोणीतरी निदान एक स्क्रू तरी हरवावा. खाली भलंमोठं वादळ घोंगावत होतं, पण वर सगळे कमालीचे शांत. माझ्या घरात सहा माणसं तेवढ्या जागेत ठेवली तर दुसऱ्या फेरीला कोणीतरी दार उघडून बाहेर जाईल.

पण त्यातल्या चिए या अंतराळवीराची आई पृथ्वीवर वारते. ही वर, आई खाली, आणि कामाचं वेळापत्रक तसंच चालू. तिला येता येत नाही. तिथे मी थांबले. पुढचं पान उलटायच्या आधी उठून आईला फोन लावला. तिने विचारलं, "काय गं, काय काम काढलंस?" काहीच काम नव्हतं. मग आम्ही बराच वेळ पंख्याच्या आवाजावर बोललो, तो बेअरिंगचा आहे की पात्यांचा, यावर. पुस्तकावरची माझी सगळ्यात प्रामाणिक प्रतिक्रिया तीच होती. पण मैत्रिणीला मी "संरचना आवडली" असं सांगितलं. ती खूश झाली.

नॅन्सी पर्ल या अमेरिकन ग्रंथपाल बाईंचा एक नियम आहे. पुस्तक आवडत नसेल तर पन्नास पानं वाचून सोडा, आणि पन्नाशी उलटली असेल तर शंभरातून आपलं वय वजा करून उरतील तेवढीच वाचा. शंभरी गाठलेल्याने नुसत्या मुखपृष्ठावरून निकाल द्यावा. केस पिकण्याचा एवढा रोख फायदा दुसऱ्या कोणीच सांगितलेला नाही. शिवाय डॅनिएल पेनाक या फ्रेंच लेखकाने 1992 मध्येच वाचकाला दहा हक्क बहाल केलेत, त्यात पानं गाळण्याचा आणि पुस्तक अर्धवट टाकण्याचाही आहे. फक्त 'कसं वाटलं' याचं उत्तर न देण्याचा हक्क कुठे आहे का, ते मी शोधत गेले. दहावा गप्प राहण्याचा आहे. तो मी भाऊजींना वाचून दाखवला. "छान आहे," ते म्हणाले. "मग, यावर तुमचं मत काय?"

शेवटी वैतागून मी दोघांची पुस्तकं बदलून टाकली. 'ऑर्बिटल' भाऊजींना, सवयींचं पुस्तक मैत्रिणीला. आठवडा उलटल्यावर मीच वसुलीला निघाले.

भाऊजी म्हणाले, "विषय चांगला आहे, पण शेवटी आपण नेमकं काय करायचं, ते लेखिकेने सांगितलेलंच नाही."

मैत्रीण म्हणाली, "एकही पात्र धड उभं राहत नाही गं."

ही दोन्ही वाक्यं मी वहीत उतरवून घेतली आहेत. परवा एका ओळखीच्या बाईंनी भेट दिलेल्या कवितासंग्रहाबद्दल विचारलं. मी थोडा विचार केल्यासारखं करून म्हटलं, "शेवटी आपण काय करायचं, ते कवीने सांगितलेलं नाही." बाई गंभीर झाल्या. म्हणाल्या, "अगदी बरोबर पकडलंत."