दगड काढले तरी मासे जुळवून घेतील का?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: नदीत ज्या जातीला जिथे मानवतं तिथे ती राहते, त्यात जागेची-अन्नाची ‘वाटणी’ कसली, पूर आला की सगळं विस्कटतंच, मग पात्रातले दगड काढले तरी मासे जुळवून घेतील.

पहिला भाग अर्धा पटतो. जपानी निसर्गअभ्यासक किंजी इमानिशी यांना १९३०च्या दशकात क्योतोच्या कामो नदीत मेफ्लाय या कीटकाच्या पाण्यात वाढणाऱ्या पिल्लांचे पट्टे दिसले. काठच्या संथ पाण्यात एक जात, मधल्या जोरदार धारेत दुसरीच. पण एवढ्यावरून कुणी कुणाला हटवलं हे ठरत नाही. परिसंस्थांचे अभ्यासक जोसेफ कॉनेल यांनी १९८० साली हेच बजावलं होतं: आजचा फरक म्हणजे जुन्या स्पर्धेची खूण, असं पुराव्याशिवाय धरून चालू नका.

म्हणून मला उत्तर जपानच्या होक्काइदो बेटावरचं काम महत्त्वाचं वाटतं. तिथल्या डोंगरी ओढ्यांत ‘चार’ नावाच्या माशाच्या दोन जाती आहेत. वरच्या थंड पाण्यात डॉली वार्डन, खाली पांढऱ्या ठिपक्यांचा ‘चार’. इथवर तुमचं ‘मानवतं तिथे’ लागू पडतं. मधल्या टप्प्यात मात्र दोघे एकाच डोहात असतात. मासा धारेकडे तोंड करून दगडाच्या आडोशाला स्थिर राहतो, वाहत आलेला किडा दिसला की झेपावतो आणि पुन्हा जागेवर येतो. कमी श्रमात जास्त अन्न देणाऱ्या अशा जागा मोजक्याच, त्यामुळे त्यांवरून हुसकाहुसकी चालते. कर्ट फॉश आणि शिगेरू नाकानो या संशोधकांच्या गटाने वाहून येणारं अन्न मुद्दाम कमी केलं, तेव्हा डॉली वार्डन तळातले किडे वेचू लागला. त्याचं तोंडही किंचित खालच्या बाजूला असतं, त्याला ते जमतं. ओढा तोच, डोह तोच, बदललं फक्त अन्न. म्हणजे कोण काय खाणार हे नुसत्या मानवण्यावर ठरत नाही. टंचाई आली की वेगळेपणा उघड होतो.

पुराचं खरं आहे. पण पूर वरचढ जातीलाही झोडपतो, त्यामुळे तिला दुसरीला पुरतं हटवायला सवड मिळत नाही.

दगड काढण्याबद्दल मात्र मी अजिबात सहमत नाही. पूर दगड हलवतो, नवे डोह कोरतो, नवे आडोसे तयार होतात. यंत्राने सपाट केलेल्या पात्रात सगळीकडे सारखंच उथळ पाणी वाहतं. धारेत थांबायला आडोसा नाही, किड्यांना दगडाची खालची बाजू नाही. मग माशांनी जुळवून घ्यायचं ते कशाशी?