जास्वंदीच्या आळ्यात भेंडी लावू नका

‘जास्वंद, भेंडी, कापूस एकाच कुळातले. शेजारी लावा, एकमेकांची कीड अडवतात. जास्वंदीला दिवसभर कडक ऊन द्या. भोवती झेंडू लावला की फवारणी नको. जवळ तुळस असली की फूल दुप्पट मोठं येतं.’ महिनाभर हा मेसेज आमच्या नात्यागोत्यात फिरतोय. चोपड्याच्या वहिनींनी तर जास्वंदीच्या आळ्यात भेंडीचं बी टोकूनही टाकलं. त्यांच्या परसाला लागूनच कापसाचं शेत आहे, म्हणून गप्प बसवत नाही.

कूळ एक, हे खरं. पण म्हणूनच यांची कीडही एक. मावा, पांढरी माशी आणि पिठ्या ढेकूण (अंगावर पांढरं मेण असलेली, रस शोषणारी कीड) तिन्ही झाडांवर सारखेच जगतात. साधारण 2005 नंतर पिठ्या ढेकणाने देशभरात कपाशीचं किती नुकसान केलं, ते खानदेशात कुणाला सांगायला नको. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने ही कीड कोणकोणत्या झाडांवर पोसली जाते त्याची नोंद केली आहे. त्यात जास्वंद आहे, भेंडी आहे, बांधावरचं गाजरगवतही आहे. कपाशी उपटली की शेत रिकामं होतं, जास्वंद मात्र बारा महिने हिरवी. कीड तिच्यावर उन्हाळा काढते आणि जूनमध्ये कोवळी कपाशी वर आली की मुंग्यांच्या, वाऱ्याच्या मदतीने तिकडे जाते. मधे भेंडी लावणं म्हणजे तिला वाटेत जेवू घालणं. एकेक मादी शेकड्यांनी पिल्लं देते आणि अंगावरच्या मेणामुळे औषध नीट लागत नाही. असला सल्ला कापसाच्या पट्ट्यात पसरवणाऱ्याने आधी एखादं शेत तरी बघायचं!

उन्हाचं म्हणाल तर अर्धं बरोबर. सावलीत जास्वंद नुसती पानांनी वाढते. पाच-सहा तास ऊन हवंच. पण ते सकाळचं. भुसावळ-जळगावकडे एप्रिल-मेमध्ये पारा 44-45 वर जातो, तेव्हा दुपारच्या झळांत कळ्या उमलायच्या आधीच गळतात. पश्चिमेला शेवगा असू द्या, त्याची विरळ सावली पुरते. पपई नको, तिच्यावरचा पिठ्या ढेकूणही जास्वंदीवर येतो.

झेंडूची मुळं जमिनीतल्या सूत्रकृमींना, म्हणजे मुळांना लागणाऱ्या बारीक कृमींना, आवरतात, तेवढं मान्य. फांदीवरच्या पिठ्याला त्याचा उपयोग शून्य. तुळशीने फूल मोठं होतं याला काहीच आधार नाही.

वहिनी, भेंडी आजच उपटा. जास्वंदीच्या बेचक्यांत पांढरा कापूस चिकटल्यासारखं दिसलं तर ती फांदी कापून पिशवीत भरा आणि जाळा. बांधावर किंवा उकिरड्यावर टाकू नका. बाकीचं झाड पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा, खोडावरच्या मुंग्या हटवा आणि कुंपणालगतचं गाजरगवत फुलायच्या आत काढा.