राजीखुशीने

गेल्या रविवारी एका मैत्रिणीच्या मुलीचा फोन आला. "मावशी, दादाने हक्कसोडपत्राचा मसुदा पाठवलाय. पुढच्या आठवड्यात सहीला ये म्हणतोय. करू का सही?" मी विचारलं, तो तुझ्याशी बोलला का याबद्दल? ती थोडं थांबून म्हणाली, "बोलला असं नाही... व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ आली."

हक्कसोडपत्र, म्हणजे वारसाहक्कानं आलेला आपला हिस्सा सोडून देण्याचा दस्त. त्या रात्री मला झोप लागली नाही. जे आजवर नवऱ्याशीसुद्धा धड बोलले नाही, ते आज इथं लिहितेय.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात. जमीन साडेतीन एकर, त्यातली दोन एकर बागायत. आम्ही दोन भावंडं, मी थोरली. वडील २०१६ साली गेले. वारसनोंद झाली आणि सातबाऱ्यावर आई, भाऊ आणि मी, अशी तिघांची नावं लागली. मी मोबाइलवर तो उतारा उघडून पाहिला होता. वडिलांच्या आडनावासकट माझं नाव इतक्या वर्षांनी कुठंतरी लिहिलेलं दिसलं, तेव्हा डोळे भरून आले. जमीन मिळाली म्हणून नाही. त्या घरातली म्हणून माझी नोंद झाली, म्हणून.

आमच्या आत्याच्या नशिबी एवढंही नव्हतं. आजोबांच्या पश्चात तिचं नाव लागलं ते 'इतर हक्कात'. ज्यांना सातबारा वाचता येतो त्यांना कळेल मी काय म्हणतेय. कब्जेदार म्हणून भाऊ, आणि सोसायटीच्या कर्जाचा बोजा ज्या रकान्यात लिहितात त्या रकान्यात बहीण. पुढे तेही नाव कमी झालं. आत्याला ते कधी आणि कसं झालं, हे शेवटपर्यंत माहीत नव्हतं.

कायद्यानं आमची पिढी तिच्यापेक्षा सुदैवी. महाराष्ट्रानं १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांसारखा हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. माझं लग्न १९९२ चं, म्हणजे मी दोन वर्षांनी हुकले. मग ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू वारसा कायद्यातली केंद्राची दुरुस्ती लागू झाली आणि लग्नाची ती अट गेली. २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात सांगितलं की मुलीचा हा हक्क जन्मानंच येतो, २००५ साली वडील हयात असण्या-नसण्यावर तो अवलंबून नाही. हे सगळं मी नंतर वाचलं. सही करायच्या आधी वाचलं असतं तरी सही केलीच असती. माझं दुःख वेगळंच आहे.

२०१७ च्या मार्चमध्ये भावाचा फोन आला. "अक्का, बुधवारी सही हाय. वकिलानं अकराची वेळ दिलीया. आधार आन पॅनकार्ड घिऊन ये." एवढंच. मी म्हणाले, "बरं." आमच्यात याआधी जमिनीचा शब्दही निघाला नव्हता. मी देणार, हे त्यानं धरूनच चाललं होतं. आणि खरं सांगते, मी देणारच होते. लहानपणी त्याला कडेवर घेऊन मी ओढ्यापर्यंत धुणं धुवायला जायचे. त्याच्या डिप्लोमाची दोन वर्षांची फी माझ्या पगारातून गेली. विहिरीवरची मोटर जळाली तेव्हा नवीन मोटरचे पैसे मी पाठवले. यातलं काहीही मी हिशोबात धरलं नव्हतं, आजही धरत नाही. मला फक्त एक वाक्य ऐकायचं होतं. "अक्का, तुझं नाव राहू दे की, काय बिघडतंय." एकदा म्हणाला असता तर मी त्याचा हात बाजूला सारून हसत सही केली असती.

तालुक्याच्या गावी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाबाहेर बाकावर दोन तास बसलो. वकिलानं दस्त माझ्या हातात दिला तो पानोपानी सह्यांच्या खुणा करून. मी वाचायला लागले तर भाऊ म्हणाला, "नेहमीचंच हाय अक्का, कर सही." तरी मी वाचला. त्यात लिहिलं होतं की मी माझा हक्क 'राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय, भावावरील प्रेमापोटी, विनामोबदला' सोडून देत आहे. प्रेम होतं. दबाव नव्हता. मोबदला मला नकोच होता. पण त्या 'राजीखुशीने' शब्दावर माझं बोट अडकलं, कारण माझ्या राजीबद्दल आणि खुशीबद्दल मला कुणी विचारलंच नव्हतं. आत गेल्यावर फोटो निघाला, अंगठा घेतला, दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या. दहा मिनिटांत मी सातबाऱ्यावरून उतरले.

बाहेर आलो तर दोन वाजले होते. भाऊ म्हणाला, "अक्का, तोडीची टोळी आलीया रानात, मला थांबाय न्हाई. तुला स्टँडवर सोडतो, अडीचची पुणे गाडी हाय." गाव तिथून नऊ किलोमीटर. मी गाडीत बसले. स्वारगेटला उतरले तेव्हा आईचा फोन. "अगं जेवाय का न्हाई आलीस? सकाळधरनं वाट बघतीया. तुझ्यासाठी भरीत केलं हुतं, भाकरी गार झाल्या."

ती भाकरी मला अजून लागते.

त्यानंतर भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं असं आता वाटतं, निदान बोललो असतो. फोन आधी आठवड्याला होता तो महिन्यावर गेला, मग सणावर. भाऊबीजेला दोन वर्षं गेले, तिसऱ्या वर्षी मुलाची परीक्षा होती म्हणून राहिले, चौथ्या वर्षी कुणी 'येतेस का' असं विचारलं नाही म्हणून राहिले. भाच्याचा साखरपुडा मला भावजयीच्या स्टेटसवरून कळला. मी सख्खी आत्या. फोटोत माझ्या जागी कोण उभं आहे ते मी मोठं करून पाहत बसले होते.

भावाची बाजूही लिहिते, नाहीतर हे अर्धंच होईल. आईचं दुखणंखुपणं, मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं, रात्री-अपरात्री दवाखान्याला नेणं, हे सगळं त्यानं आणि भावजयीनं केलं. सोसायटीचं कर्ज त्याच्या डोक्यावर. उसाचं बिल वेळेवर आलं नाही की त्याची झोप उडते, मी पुण्यात पगारावर. त्याला वाटत असणार, अक्काला काय कमी आहे, आणि ती जमीन मी कसतो. त्याचं चूक नाही. पण कष्ट त्यानं केले म्हणून मला विचारायची गरज संपत नाही. आणि चूक माझीही आहे. आम्हा मुलींना शिकवलेलं असतं की माहेरी मागायचं नाही, नाहीतर माहेर तुटतं. मी मागितलं नाही, बोललेही नाही. आणि माहेर तरीही तुटलंच.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. हक्क सहहिस्सेदाराच्या नावे सोडता येतो, आणि आईही सहहिस्सेदार होती. मी माझा हिस्सा आईला देऊ शकले असते. हे त्या दिवशी ना वकील बोलला, ना मला सुचलं.

त्या मुलीला मी सांगितलं, सही कर किंवा नको करूस, तो तुझा निर्णय. पण हक्कसोडपत्र नोंदणीकृत असतं, एकदा झालं की मागे घेणं सोपं नाही, तेव्हा शब्दन् शब्द वाच. आदल्या दिवशी घरी जा. भावाच्या शेजारी बस, मनात काय आहे ते तोंडाने बोल. हवं असेल तर नाव राहू दे म्हण. देणार असशील तर 'मी देतेय' असं सगळ्यांसमोर म्हण. आणि सही झाल्यावर जेवल्याशिवाय परत येऊ नकोस. ज्या भावांच्या टेबलावर असा मसुदा आत्ता पडून असेल त्यांनाही सांगते, तो फोनवर पाठवू नका. बहिणीच्या घरी जा, तिच्या हातचा चहा घ्या आणि विचारा. फार तर एक दिवस मोडेल.

माझा भाऊ फेसबुकवर आहे. क्वचित लाइक करतो, पण वाचतो सगळं. बाळा, तू हे वाचशील तेव्हा चारचौघात लिहिलं म्हणून आधी राग येईल, येऊ दे. जमीन तुझीच आहे, त्यातलं एक ढेकूळही मला नको. या भाऊबीजेला मी येतेय, बोलावण्याची वाट न बघता. दोन दिवस राहीन. आईला आता चुलीपुढं बसवत नाही हे मला माहीत आहे, भरीत मी करेन. तू फक्त त्या दिवशी रानात जाऊ नकोस.