आग लावू नका, ठराव करा

ग्रंथालय संपवायचं म्हटलं की तुम्हाला लगेच काडेपेटी आठवते. नवशिके आहात. सोलापुरात पुस्तकं एक मे महिना पत्र्याखाली ठेवली आणि वर एक पावसाळा दिला की काम होतं. काडी कशाला वाया घालवता?

शिवाय आगीचा बभ्रा होतो. 1981 साली श्रीलंकेत जाफन्याचं सार्वजनिक ग्रंथालय जाळलं. सुमारे 97 हजार पुस्तकं गेली, ताडपत्रांवरची हस्तलिखितं गेली. पण तमिळ माणूस अजून ते विसरलेला नाही आणि इमारत पुन्हा उभी आहे. बेल्जियममधल्या लुव्हेनचं ग्रंथालय जर्मन सैन्याने 1914 मध्ये जाळलं, तर बाहेरच्या देशांनी वर्गणी काढून नवं बांधून दिलं. ते 1940 मध्ये जळालं, तेही पुन्हा बांधलं. आपल्या पुण्यात 5 जानेवारी 2004 ला भांडारकर संस्थेत घुसून नासधूस केली, त्याची बोंब जगभर गेली. एवढा खटाटोप करून पदरात काय, तर बदनामी.

त्यापेक्षा इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या प्राचीन ग्रंथालयाकडून शिका. लोकांना वाटतं ते एका रात्रीत जळालं. आगी लागल्या असतीलही, पण खरं काम केलं हेळसांडीनं, शतकानुशतकं. पैसा आटला, विद्वान पांगले, पपायरसच्या जुन्या गुंडाळ्या पुन्हा उतरवून घ्यायला कुणी उरलं नाही. गुन्हेगाराचं नाव आजही सापडत नाही. याला म्हणतात सफाई.

तर पहिलं, ग्रंथपालाचं मानधन थकवा.

दुसरं, अनुदान आलं नाही हे कारण कायम खिशात ठेवा. आलं तरी ठेवा.

तिसरं, अभ्यासिका काढा. हा हुकमी एक्का. याला विरोध केला तर तुम्ही गोरगरिबांच्या पोरांच्या पोटावर पाय देता! पोरं बसू द्या हो, एमपीएससी करू द्या, माझं काही म्हणणं नाही. पण टेबलं लावायला कपाटंच का हलवायची? गेल्या महिन्यात आमच्या भागातल्या एका वाचनालयात गेलो. वडिलांनी तिथे 340 पुस्तकं भेट दिली होती. हार घातला होता त्यांना, फोटो काढला होता. त्या जागी आता चार्जिंगचे पॉइंट आहेत. विचारलं तर तिथला मुलगा म्हणाला, "काका, कोण वाचालंय आता ते? निर्लेखन झालंय." निर्लेखन! काय सुरेख शब्द आहे. बाद करण्याची रीत असते, यादी करायची असते, एकेक पुस्तक हातात घेऊन बघायचं असतं. इथे तीन पोती भरली आणि किलोवर दिली. ठराव एकमताने मंजूर. चहा झाला, भजी झाली.

रद्दीवाल्याकडे सोळा पुस्तकं मिळाली. त्याने निदान पत्र्याखालून काढून कोरडी ठेवली होती.

चौथं वगैरे काही नाही. आता उपरोध पुरे.

त्या पोत्यांत सोलापुरात 1930 मध्ये इंग्रजांनी लावलेल्या मार्शल लॉवरची, इथेच छापलेली एक पुस्तिका होती. वडिलांनी तिला खाकी कागदाचं कव्हर घातलं होतं. ती सोळांत नाही. दर 12 जानेवारीला हुतात्मा चौकात हार घेऊन पुढे उभे राहता ना तुम्ही? तेव्हा फासावर गेलेल्या धनशेट्टी, कुर्बान हुसेन, सारडा, शिंदे यांची चार नावं माइकवर घेता आणि त्यांच्या गावाची हकिगत किलोवर विकता? आणि आम्ही सभासद तरी कोण मोठे! मी स्वतः नऊ वर्षांत त्या दारात पाऊल टाकलं नव्हतं. वार्षिक सभेची नोटीस घरी यायची, तिच्यावर दूधवाल्याचा हिशोब मांडायचो.

दाखल नोंदवही मात्र जागेवर आहे. मागितली, पाहिली. पुस्तिकेच्या नावापुढे लाल शाईत लिहिलंय, 'निरुपयोगी'. अहो, उघडून तरी बघितली होती का?