खोटं कोण बोललं?

मुलगी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बोटं मोजत बसली होती. एका ओळीत बारा अक्षरं, सहाव्यावर किंचित दम घ्यायचा. इथे फ्रान्समध्ये, ल्यॉंला, तिच्या शाळेत रासीनच्या नाटकातल्या राणी फेद्रचं भाषण पाठ करायला दिलंय. सावत्र मुलाच्या प्रेमात पडलेली बाई त्याच्यासमोर कबुली देते, तो प्रवेश. मी कांदा चिरत होते आणि मोबाइलवर आमच्या सांगलीच्या ग्रुपवर गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ नाटकातल्या सिंधूची उत्तरक्रिया चालली होती.

झालं असं की मामेबहिणीच्या मुलीने स्पर्धेसाठी ‘एकच प्याला’तला प्रवेश करायला नकार दिला. ‘मार खाऊन नवऱ्याचेच पाय धरणारी बाई मी करणार नाही.’ मामा उखडले, ‘तुमच्या पिढीला त्याग काय कळणार!’ मग कुणीतरी तिसरंच काढलं, की तिकडच्या नायिका बघा, कशा ठसठशीत असतात. आणि सगळ्यांनी मला विचारलं, तू तिकडे राहतेस, तू सांग.

आता माझं काम आकडेमोडीचं. नाटकातलं मला कळतं ते प्रेक्षक म्हणून. पण फेद्र दोन महिने घरात मुक्कामाला आहे, तेव्हा बोलते.

अथेन्समध्ये इ. स. पू. 428 साली ग्रीक नाटककार युरिपिडीसने ही गोष्ट रंगवली, तीही दुसऱ्यांदा. आधीच्या नाटकात फेड्रा, म्हणजे हीच फेद्र, उघडउघड सावत्र मुलाच्या, हिपोलितसच्या, मागे लागते, म्हणून लोक बिथरले होते. दुसऱ्या खेपेला त्याने तिला अब्रूदार केलं. ती झुरते, लपवते. दाई बोलून जाते. दोघं समोरासमोर एक शब्दही बोलत नाहीत. ती पडद्याआड गळफास घेते, कारण असली हिंसा रंगमंचावर सहसा दाखवायची नाही ही तिथली रीत. प्रेत बाहेर येतं तेव्हा हाताला एक पाटी बांधलेली असते आणि पाटीवर लिहिलेलं असतं, हिपोलितसने माझ्यावर हात टाकला. धडधडीत खोटं. त्यापायी पोराचा जीव जातो. म्हणजे अब्रूदार बाई, आणि तिनेच हे केलं.

1677 मध्ये पॅरिसात फ्रेंच नाटककार रासीनने तीच गोष्ट घेतली. आता मुखवटे नव्हते, पुरुषाने स्त्री व्हायची गरज नव्हती. शांमेले नावाची खरीखुरी नटी फेद्र झाली. ती स्वतः तोंडाने कबुली देते आणि शेवटी विष पिऊन प्रेक्षकांदेखत प्राण सोडते. इतकं सगळं चाललं. खोटं मात्र चाललं नाही! राजकन्येच्या तोंडी असली नीच गोष्ट शोभत नाही, दाईच्या तोंडी शोभते, असं रासीनने प्रस्तावनेत सरळ लिहिलंय. दाई एनोन आळ घेते आणि पुढे समुद्रात जीव देते. घरात कपबशी फुटली की आधी कामवालीकडे बघायचं, ही चाल काही फक्त आपल्या वाड्यांतली नाही.

तरी रासीन लबाड नाही. सत्य सांगायला निघालेल्या फेद्रला वाटेत कळतं की हिपोलितचं दुसऱ्याच मुलीवर, आरिसीवर, प्रेम आहे. ती गप्प बसते. मत्सराने गिळलेला तो एक शब्द मला पाटीवरच्या खोट्यापेक्षा जास्त भिववतो.

ठसठशीत म्हणतात ती ही. धुतल्या तांदळासारखी मुळीच नाही. इथली मुलं तिच्यावर पानंच्या पानं लिहितात; ती आदर्श आहे का, हा प्रश्न माझ्या मुलीला कुणी घातलेला नाही. आपल्याकडे मामा आणि भाची एकमेकांशी भांडतात खरे, पण प्रश्न दोघांचा तोच. सिंधू आदर्श म्हणून हवी, किंवा आदर्श नाही म्हणून नको.

मी मुलीला सिंधूची गोष्ट सांगितली. 1919 सालची, गडकरी गेल्यानंतर महिन्याभरात रंगमंचावर आलेली, बालगंधर्वांनी केलेली. म्हणजे अथेन्ससारखाच पुरुष बाईच्या वेशात. नवऱ्याची दारू, दळणाचं जातं, मेलेलं तान्हं, सगळं सांगितलं. शेवटी फौजदार येतो आणि मरायला टेकलेली सिंधू नवऱ्याला वाचवायला खोटं बोलते, हे सांगितल्यावर पोरीने बोटं मोजणं थांबवलं. ‘स्वतः बोलते? दाई नाही?’

तिथे मी अडकले. आयुष्यभर सिंधू म्हटलं की मला पदरच आठवला होता, जबानी कधी आठवली नव्हती. कायदा समोर उभा, भाऊ बाजूला तिच्या न्यायासाठी तडफडतोय, आणि ही बाई शेवटच्या श्वासात दोघांनाही हुलकावणी देते. तिचं खोटं मला पटत नाही. असं खोटं बोलणाऱ्या बायका मी सांगलीत पाहिल्यात, इथेही पाहिल्यात, आणि त्यांना दवाखान्यात नेताना ‘पडले’ हा शब्द दोन भाषांत ऐकलाय. पण ते गायचं खोटं नाही. ते तिने एकटीने केलेलं काम आहे, आणि नाटकात तिला कुणी दाई दिलेली नाही.

भाचीला लिहिलं, ‘तोच प्रवेश कर. पद नको, हुंदके नकोत, कोरड्या डोळ्यांनी जबानी दे. मग बघ लोक काय करतात.’

तिने लिहिलं, ‘फौजदार कोण होणार?’ मामांनी बालगंधर्वांच्या एका पदाची ध्वनिफीत पाठवली.