खुलासा: ऑर्गनवाले कोरला पंडित दिल्लीचे नव्हते

डोक्यावर फेटा, त्यावर चमकणारा खडा, कॅमेऱ्यावर रोखलेली नजर. एक हात हॅमंड ऑर्गनवर, दुसरा पियानोवर. कोरला पंडितांची ही जुनी कृष्णधवल क्लिप ‘नवी दिल्लीच्या ब्राह्मण घरातला अमेरिकन टीव्ही स्टार’ अशा ओळीसह फिरते आहे. ते खरं नाही.

त्यांचं मूळ नाव जॉन रोलंड रेड. जन्म १९२१चा, मिसुरी राज्यातल्या सेंट लुईसचा, घर आफ्रिकन-अमेरिकन. (नव्या दिल्लीचं उद्घाटनच १९३१चं, हे तरी कुणाच्या लक्षात यावं!) काळ्या वादकांना अनेक दारं बंद होती. म्हणून ते आधी ‘हुआन रोलांडो’ हे मेक्सिकन वळणाचं नाव लावून वाजवत, मग पंडित झाले. १९४९पासून लॉस एंजेलिसच्या केटीएलए वाहिनीवर त्यांचा कार्यक्रम लागे. त्यात ते चकार शब्द बोलत नसत. वादन मात्र अस्सल. फँटसी कंपनीने त्यांच्या तबकड्या काढल्या, १९९४च्या ‘एड वुड’ चित्रपटात ते स्वतःच्याच भूमिकेत दिसतात.

१९९८मध्ये गेले तोवर त्यांनी फेटा उतरवला नाही. खरी ओळख २००१मध्ये लॉस एंजेलिसच्या एका मासिकाने छापली.